रँक ६४ ते ९१ : एका सीझनची वही

मार्व्हल स्नॅप या मोबाइलवरच्या पत्त्यांच्या खेळात या सीझनला मी रँक ६४ वरून सुरुवात केली. आज सीझन संपायला दोन दिवस आहेत आणि मी ९१ वर आहे. इन्फिनिट, म्हणजे १००, या खेपेला होणार नाही हे दिसतंय. पण त्याआधीचे तीन सीझन मी सत्तरीच्या आसपास घुटमळत होते, वर दोन पावलं गेले की खाली तीन. या वेळी काय बदललं ते मी रोजच्या रोज वहीत लिहून ठेवलं होतं, त्यातलं कामाचं इथे मांडते. मार्व्हल स्नॅप खेळणाऱ्यांसाठीच लिहितेय, तरी नव्याने आलेल्यांना समजावं म्हणून मधे मधे नियमही सांगत जाईन.

माझा हात बसलेला हर्थस्टोन या दुसऱ्या पत्त्यांच्या खेळावर. तिथे तीस पानांचा डेक, आणि रँक्डमध्ये जिंकलं की तारा मिळतो, हरलं की जातो. डाव मधेच सोडला काय किंवा शेवटपर्यंत झुंजून हरला काय, जाणारा तारा तेवढाच. त्यामुळे डाव सोडायचाच नाही, शेवटचं पान पडेपर्यंत लढायचं, हे अंगात मुरलेलं. स्नॅप बनवणाऱ्या सेकंड डिनरचा बेन ब्रोड हासुद्धा हर्थस्टोनमधूनच आलेला. १८ ऑक्टोबर २०२२ ला हा खेळ सगळ्यांसाठी खुला झाला, तेव्हा मला वाटलं होतं की तोच खेळ लहान करून आणलाय. बारा पानांचा डेक, प्रत्येक पान एकदाच, सहा टर्न, तीन लोकेशन (पान ठेवायच्या जागा; जिथे ज्याच्या पानांची पॉवर, म्हणजे ताकद, जास्त तिथे तो जिंकतो), त्यातली दोन जिंकली की डाव तुमचा. तीन-चार मिनिटांत आटोपतं. पण रँकचा हिशोब पूर्ण वेगळा आहे. डाव एका क्यूबपासून सुरू होतो. दोघांपैकी प्रत्येकाला एकदा स्नॅप मारता येतो, मारला की पणाला लागलेले क्यूब दुप्पट. शेवटच्या टर्नला ते आपोआप आणखी दुप्पट होतात. म्हणजे कधी एक क्यूब जातो, कधी आठ. रँक या क्यूबांवर चढते, जिंकलेल्या डावांच्या संख्येवर नाही. हे मला दोन वर्षं माहीत होतं. पटलं मात्र या सीझनच्या चौथ्या दिवशी.

त्या दिवसापर्यंत मी का-झारचा डेक खेळत होते. सुरुवातीच्या पानांतूनच हा डेक तयार होतो, म्हणून पैसे न घालता खेळणाऱ्या आमच्यासारख्यांचा तो पहिला आधार. एक एनर्जीची (पान टाकायला लागणारी किंमत) ढीगभर पानं: अँट-मॅन, नाइटक्रॉलर, स्क्विरल गर्ल. चौथ्या टर्नला का-झार आला की एक एनर्जीच्या प्रत्येक पानाला एक पॉवर जास्त. पाचव्याला ब्लू मार्व्हल, की बाकी सगळ्यांना आणखी एक. पटापट पट भरतो आणि मजा येते.

चौथ्या दिवसाचा तो डाव मला पान न पान आठवतोय. माझा का-झार वेळेवर आला, मी त्याच टर्नला स्नॅप मारला. पाचव्याला ब्लू मार्व्हल टाकला. तिन्ही लोकेशनवर मी पुढे. समोरच्याची चार-पाचच पानं पडलेली, तीही विखुरलेली. आणि त्याने पाचव्या टर्नला उलट स्नॅप मारला. मी म्हटलं, घाबरवतोय. सहाव्या टर्नला हातातली उरलेली लहान पानं टाकली. जो पुढे असतो त्याची पानं आधी उलटतात, तशी माझी सगळी उलटली, पट गच्च भरला. मग त्याचं एकच पान उलटलं, किलमंगर. तीन एनर्जीचं पान, पटावरची एक एनर्जीची झाडून सगळी पानं मारून टाकतं. माझ्याकडे का-झार आणि ब्लू मार्व्हल असे दोघेच उभे राहिले. आठ क्यूब गेले.

तिन्ही ठिकाणी हरत असलेला माणूस स्नॅप मारतो, तेव्हा त्याच्या हातात काहीतरी असतंच. आणि का-झारसमोर ते काय असणार हे ओळखायला फार डोकं लागत नाही. त्याने स्नॅप मारला त्या क्षणी मी डाव सोडला असता तर दोन क्यूब गेले असते. सहाव्या टर्नला सोडला असता तर चार. मी आठ दिले.

त्या रात्री वहीत आकडेमोड केली. समजा तुम्ही स्नॅप मारलेला नाही आणि समोरच्याने मारला. लगेच सोडलं तर एक क्यूब जातो. थांबलात तर शेवटी चार मिळतात किंवा चार जातात. थांबणं परवडायचं तर जिंकण्याची शक्यता साडेसदतीस टक्क्यांच्या वर हवी. निम्म्याहून खूपच कमी. मला वाटायचं त्यापेक्षा थांबायला जास्त मोकळीक आहे. तेच तुम्ही थांबत थांबत सहाव्या टर्नपर्यंत आलात, तर तोवर दोन क्यूब पणाला लागलेले असतात, आणि आता पंचवीस टक्के शक्यता असली तरी थांबणंच बरोबर ठरतं. म्हणजे जितका उशीर करावा तितकं सुटणं अवघड. खरा निर्णय स्नॅप पडतो त्या क्षणाचा. हिशोब ढोबळ आहे, मधल्या टर्नलाही सोडता येतं हे यात धरलेलं नाही, पण खेळताना डोक्यात ठेवायला एवढा पुरतो.

हे लिहिताना मला मामाची तीनपत्ती आठवली. दिवाळीत आजोळी रात्रभर डाव चालायचा, बूट, म्हणजे डावाच्या सुरुवातीला प्रत्येकाने टाकायची रक्कम, आठ आण्यांचा. मामा दहातले सहा-सात डाव पॅक करायचा. आम्ही भाचरं चिडायचो, "मामा, तू खेळतच नाहीस!" तो म्हणायचा, "पान नाही आलं गं. पुढचा डाव येतोच आहे की." पहाटे नाण्यांचा ढीग त्याच्याच गुडघ्यापाशी असायचा. स्नॅपमधला पहिला क्यूब म्हणजे तो बूट. रिट्रीट, म्हणजे डाव सोडणं, हाच पॅक. लहानपणी डोळ्यांसमोर बघितलेली गोष्ट इतकी वर्षं दुसऱ्या खेळाच्या सवयीखाली दबून राहिली होती.

दुसऱ्या आठवड्यात डेक बदलला. इथे मी स्वतःला एक अट घातली: पुढचे किमान दहा दिवस डेक तोच, बदलायचं झालं तर एखादंच पान. आधी मी दोन डाव हरले की दुसऱ्या कोणाचा डेक उचलायचे. मग त्या डेकमध्ये कधी स्नॅप मारायचा ते कळेपर्यंत तोही बदललेला असायचा. माझ्या मते मधल्या रँकवर अडकलेल्या बऱ्याच जणांचं दुखणं हेच आहे. डेक चांगला की वाईट यापेक्षा, आपल्या हातात आत्ता जे आहे त्याची किंमत किती हे ओळखता येणं जास्त क्यूब मिळवून देतं, आणि ते एकाच डेकचे शे-दोनशे डाव खेळल्याशिवाय येत नाही.

निवडला पॅट्रियटचा डेक. पॅट्रियट तीन एनर्जीचा. ज्या पानांवर काहीच मजकूर नाही अशा आपल्या सगळ्या पानांना तो दोन पॉवर वाढवतो. मिस्टिक त्याच्या पाठोपाठ टाकली तर त्याचीच क्षमता उचलते, म्हणजे आणखी दोन. ब्लू मार्व्हलचा एक. मग सहाव्या टर्नला अल्ट्रॉन, जो इतर दोन लोकेशनवर एकेक पॉवरचे चार-चार ड्रोन टाकतो. एकाच लोकेशनवर पॅट्रियट, मिस्टिक, ब्लू मार्व्हल आणि अल्ट्रॉन असे चौघे बसवले की ते भरतं. बाकी दोन लोकेशन शेवटपर्यंत पूर्ण रिकामी, आणि शेवटच्या क्षणी तिथे सहा-सहा पॉवरचे चार ड्रोन, प्रत्येकी चोवीस. समोरच्याला पाचव्या टर्नपर्यंत दोन मोकळी लोकेशन दिसत असतात, त्यामुळे तो थांबतो. का-झारमध्ये उलटं व्हायचं. माझी सगळी ताकद पटावर उघडी, मी स्नॅप मारला की समोरचा एक क्यूब देऊन निघून जायचा, आणि थांबायचा तेव्हा किलमंगर घेऊनच.

पहिल्याच दिवशी एक चूक केली ती सांगते, कारण अनेकांची होत असेल. चौथ्या टर्नला चार एनर्जी: तीनची मिस्टिक आणि एकची मिस्टी नाइट. मी घाईत मिस्टी नाइट आधी टाकली. पानं टाकलेल्या क्रमानेच उलटतात. मिस्टिकने तिच्या लगेच आधीचं पान बघितलं, ती मिस्टी नाइट होती, तिच्याकडे उचलण्यासारखं काही नाही. मिस्टिक शून्य पॉवर घेऊन कोपऱ्यात उभी राहिली. दोन्ही पानं तीच, एनर्जी तेवढीच, फक्त बोट आधी दुसऱ्या पानावर गेलं आणि डाव गेला. आता पान ओढायच्या आधी मी मनात क्रम म्हणते.

दुसरं शिकले ते नशिबाच्या मापाबद्दल. सुरुवातीला हातात तीन पानं, मग दर टर्नला एक. सहाव्या टर्नपर्यंत बारापैकी नऊ दिसतात. एखादं ठरावीक पान यायची शक्यता पंचाहत्तर टक्के, ठरावीक दोन पानं दोन्ही यायची सुमारे पंचावन्न, आणि तिन्ही यायची जेमतेम अडतीस. पॅट्रियट, मिस्टिक, अल्ट्रॉन ही माझी तिन्ही पानं पाचातल्या दोन डावांतच येणार, तीही वेळेवर येतील असं नाही. मग उरलेल्या तीन डावांत काय? त्यासाठी ब्रूड ठेवली, जी स्वतःबरोबर दोन पिल्लं आणते. स्क्विरल गर्ल ठेवली, ती इतर दोन लोकेशनवर एकेक खार टाकते. नुसता पॅट्रियट आला तरी यांच्यावर एक लोकेशन निघतं. आणि ज्या डावात पॅट्रियटही नाही, मिस्टिकही नाही, तिथे चौथ्या टर्नला एक क्यूब देऊन उठायचं. वहीतली या आठवड्याची पानं बघितली तर मी जिंकल्यापेक्षा जास्त डाव सोडलेत. रँक तरीही ७१ वरून ८० वर, ओमेगा टप्प्यात गेली.

प्रत्येक लोकेशनचा नियम वेगळा, त्यावर एक पूर्ण लेख होईल. माझ्या डेकपुरतं सांगते: सँक्टम सँक्टोरमवर कोणाला पान खेळता येत नाही, पण खारी आणि ड्रोन खेळले जात नाहीत, ते येऊन पडतात. तिथे स्क्विरल गर्लची एक खार बसली की बहुतेक वेळा ते लोकेशन आपलंच. डेथ्स डोमेनवर खेळलेलं पान मरतं, खार जगते. लिंबो निघालं तर सातवा टर्न मिळतो, म्हणजे आणखी एक पान दिसतं. तिसऱ्या टर्नला तिन्ही लोकेशन उघडी होतात आणि हातात सहा पानं दिसलेली असतात, डेकची बरोबर निम्मी. मी थांबायचं की उठायचं हा पहिला विचार तिथे करते.

एक शुक्रवार वाया गेला तोही लिहून ठेवते. पुण्याहून कल्याणला जाताना लोणावळ्यानंतर मी गाडीत खेळत बसले. घाटात बोगदा आला, नेट गेलं, टर्नची वेळ संपली. बाहेर आलो तर पाचवा टर्न निघून गेलेला, आणि स्नॅप मीच मारलेला होता. चार क्यूब गेले. तेव्हापासून कर्जत येईपर्यंत फोन पिशवीत.

ऐंशीच्या वर समोरची माणसं बदलली. पॅट्रियट पडला की ते एन्चँट्रेस राखून ठेवतात. ती ज्या लोकेशनवर येते तिथल्या सगळ्या ऑनगोइंग क्षमता, म्हणजे पान पटावर असेपर्यंत चालू राहणाऱ्या, काढून टाकते. चौघांना एकत्र बसवण्याची माझी लाडकी मांडणी तिच्यासमोर उघडी पडते. एका पानात पॅट्रियट, मिस्टिक, ब्लू मार्व्हल तिघेही मुके, आणि चोवीसच्या जागी चार. ८३ वरून ७९ वर आले ती याच कारणाने. मग मिस्टिकला वेगळ्या लोकेशनवर बसवायला लागले. ड्रोनची एक जागा जाते, पण एन्चँट्रेसला दोन्हीकडे एकदम पोचता येत नाही. त्यानंतर संथ पण सरळ चढ होता. ९० ओलांडलं, गॅलॅक्टिक टप्पा, त्या डावात समोरच्याने शेवटी दाद म्हणून मूठ पुढे केली, मीही केली. किती बरं वाटलं सांगू.

आता डेकमधलं बारावं पान. गेले चार दिवस तिथे मी कॉस्मो खेळवतेय. कॉस्मो ज्या लोकेशनवर असतो तिथे ऑन रिव्हील, म्हणजे पान उलटताना लागू होणारी क्षमता, चालत नाही, म्हणून पॅट्रियटशेजारी तो बसला की तिथे एन्चँट्रेस निकामी, मोठी पानं मारणारा शांग-चीही निकामी. पण त्याच नियमाने माझी मिस्टिक, ब्रूड आणि अल्ट्रॉन यांच्यापैकी कोणालाच त्या लोकेशनवर टाकता येत नाही. आणि कॉस्मोही तीन एनर्जीचाच. तिसऱ्या टर्नला पॅट्रियट, चौथ्याला मिस्टिक गेली, तर कॉस्मोला पाचवा टर्न द्यावा लागतो आणि ब्लू मार्व्हल हातातच राहतो. कॉस्मो आधी टाकून पॅट्रियट चौथ्याला आणला तर मिस्टिक पाचव्याला जाते, आणि पुन्हा ब्लू मार्व्हल बाहेर.

पुढच्या सीझनला ब्लू मार्व्हलच काढून बघावा असं मनात आहे. त्याच्या जागी आर्मर, की एखादं बिनमजकुराचं जाडं पान, सायक्लॉप्स किंवा थिंग? जे पॅट्रियट खेळतात त्यांनी ब्लू मार्व्हलशिवाय खेळून पाहिलं असेल तर सांगा. पाचव्या टर्नला तुम्ही काय टाकता आणि स्नॅप त्याआधी मारता की नंतर, हे मला ऐकायचंय.