आमची वाटचाल : लाखेच्या पॉलिशपासून सहीच्या जतनापर्यंत

मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पंढरपूर-मंगळवेढा भागातला भोपळा, त्याच्या तोंडावर तबली म्हणजे लाकडी फळी आणि वरून लाखेचं पॉलिश, हे इथलं जुनं काम. आमच्या कारखान्याची सुरुवातही जवारी (तारांखालची घोडी घासून नाद जुळवणं) आणि पॉलिशपासूनच झाली. सह्यांचं काम त्यातूनच पुढे आलं. मैफलीनंतर तबलीवर कलाकाराची सही घेतात आणि दोन-चार वर्षांनी तंबोरा दुरुस्तीला येतो, तेव्हा मालक म्हणतात, "सहीवरून पण एक हात मारा, म्हणजे पक्की होईल."

सही जाते ती नेमकी त्याच हाताने. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळते, आणि पर्मनंट मार्करची शाईही स्पिरिटमध्येच विरघळते. ती शाई पक्की असते ती पाण्याला. पॉलिशच्या कापडी बोळ्याचा पहिला हात बसला की काळ्या अक्षरांभोवती जांभळट निळी कड फुटते. दुसऱ्या हाताला अक्षर दांडीच्या दिशेने ओढलं जातं. खालची जुनी लाखही त्याच स्पिरिटने मऊ झालेली असते, त्यामुळे शाई तिच्यात मुरते. तिथून ती परत काढता येत नाही. बॉलपेनचंही असंच होतं. जेल पेन आणि शाईच्या पेनाला मात्र पाण्याची भीती जास्त. तबलीची चीर सरसाने सांधताना ओल्या फडक्याने पुसलं, तरी अशी सही पसरते.

लाख नको म्हणून मधल्या काळात दोन घटकांचं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश वापरून पाहिलं. त्याचं थिनर स्पिरिटपेक्षाही कडक. फुटभर अंतरावरून अगदी धुक्यासारखे हात दिले, तर सही टिकते; एक हात ओला पडला की गेली. शिवाय हा थर पुढे कधी उतरवायचा म्हटलं तर खालची सही घेऊनच उतरतो. आणि तबलीवर जाड थर बसला की तंबोऱ्याची आस, म्हणजे घुमत राहणारा नाद, आखडते. गाण्यासाठी घेतलेल्या वाद्याचं हे नुकसान आम्हाला मान्य नाही. म्हणून ते काम बंद केलं.

आता आधी शाई ओळखतो. सहीचा समोरून, मोजपट्टी ठेवून फोटो काढतो. मग सहीच्या शेवटच्या टिंबावर टूथपिकला गुंडाळलेला कापूस पाच सेकंद नुसता टेकवायचा, घासायचा नाही. आधी डिस्टिल्ड पाणी, मग दुसऱ्या कापसाने मिनरल टर्पेंटाइन. कापसावर रंग आला, तर त्या द्रवाचं काहीही सहीजवळ न्यायचं नाही. स्पिरिटची चाचणी सहीवर करतच नाही. सोनेरी-चंदेरी पेंट मार्कर नीट वाळलेला नसेल, तर टर्पेंटाइनलाही रंग सोडतो. अशी सही महिनाभर तशीच ठेवतो.

चाचणीत सही टिकली, की टर्पेंटाइनमध्ये कालवलेलं मायक्रोक्रिस्टलाइन मेण. तळहाताएवढ्या सहीला हरभऱ्याएवढं पुरतं. मऊ सुती कापडाने टिपत लावायचं, दहा-पंधरा मिनिटांनी हलक्या हाताने पुसायचं, दुसरा हात दुसऱ्या दिवशी. हा थर घाम आणि धूळ अडवतो. कोऱ्या, पॉलिश नसलेल्या लाकडावर सही असेल, तर मेणही लावत नाही. लाकूड डागाळतं.

बाकीच्या तबलीला पॉलिश करायचंच असेल, तर सहीवर बोटभर मोठा पॉलिएस्टर फिल्मचा तुकडा ठेवतो. कडेला कागदी टेप, तीही आधी चार-पाच वेळा तळहातावर चिकटवून तिचा चिकटपणा कमी केलेली, नाहीतर काढताना जुनी लाख सोलून निघते. बोळा जवळजवळ कोरडा हवा. मनगटावर टेकवला तर गार लागावा, ओला नाही. हात नेहमी सहीपासून बाहेर जाणारा. सहीकडे येणारा हात मारला, की फिल्मच्या कडेला स्पिरिट साचतं आणि आत झिरपतं. सहीभोवती इंचभर पट्टी थोडी कमी चमकते. ती तशीच राहू द्यावी, असं आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो.

सही टिकायची असेल, तर खरं काम सहीच्या आधी. सिलिकॉनचा फवारा मारलेल्या तबलीवर शाई धरत नाही, थेंब थेंब होते. जागा घोडीपासून आणि हाताच्या टेकणीपासून लांब निवडावी. जवारी काढताना पडणारा भुसा आणि तुटलेली तार दोन्ही घोडीजवळचीच सही खरवडतात. रंगद्रव्याचा पेंट मार्कर घ्यावा, आधी कागदावर चालवून पाहावा, सहीनंतर चोवीस तास गवसणी घालू नये. रेक्झिनची किंवा पीव्हीसीची गवसणी तर कधीच नको. त्यातला मऊपणा आणणारा घटक लाखेत उतरतो आणि सही गवसणीला चिकटून येते. सुती अस्तर हवं. सेलोटेपचंही तेच, चिकट थर शाई ओढून घेतो.

उजेडाने उडालेली सही आम्ही गिरवून देत नाही. मागणी पुष्कळदा येते. पण गिरवलेली ओळ कलाकाराच्या हातची उरत नाही. काच यूव्ही अडवणारी असली तरी साधा उजेडही शाई उडवतो, म्हणून खिडकीसमोर आणि थेट दिव्याखाली वाद्य ठेवू नये.

तबल्याच्या पुडीवरची, म्हणजे वरच्या चामड्यावरची, सही वेगळीच. मैदानावर, म्हणजे काळ्या शाईच्या गोलाभोवतीच्या मोकळ्या चामड्यावर, सही करून तबला वाजवत राहिलात, तर बोटांनी आणि पावडरने ती जातेच. त्यावर काही लावावं तर नाद बसतो. अशी पुडी वाजवणं थांबवून उतरवावी लागते. एरवी पुडी बदलताना वादी (पुडी ताणणारी चामडी पट्टी) सोडली की काम झालं. इथे तसं केलं तर चामडं आकसतं आणि अक्षरं सुरकुततात. म्हणून तबल्याच्या खोडाच्या तोंडाएवढं लाकडी कडं आधी करून घेतो आणि पुडी त्यावर लगेच ताणून बसवतो. पाण्याचा हात कुठेच नाही. कातडं खाणारे किडे त्या काळ्या गोलाच्या लुकणापाशी (खळीपाशी) शिरतात. पुडी डब्यात ठेवून दर दोन महिन्यांनी उलटून पाहायचं, कडेला भुसा दिसला की डबा बदलायचा. सिलिका जेल बेताचंच, कारण फार कोरडं झालं की कातडं तडकतं.

काम झालं की वाद्याच्या पेटीत एक चिठ्ठी ठेवतो : सही कुठे आहे, कोणत्या शाईची, त्यावर काय लावलं, कोणत्या तारखेला, आणि ते टर्पेंटाइनने उतरतं, स्पिरिट लावू नये. पुढच्या खेपेला तंबोरा कुठल्याही कारागिराकडे जाईल. त्याने बोळा भिजवण्याआधी एवढं वाचलं म्हणजे झालं.