तेलाची वाटी बाजूला ठेवून

कळ आईच्या पोटरीत होती, पण मालिश करणाऱ्या मावशींनी पोटरीला हातच लावला नाही. तेलाची वाटी बाजूला ठेवून त्यांनी आधी विचारले, "आजी, लघवी झालेली नीट कळते ना? बसायच्या जागी बधिरपणा नाही ना? तसे असेल तर मी हात लावणार नाही, आधी दवाखाना."

दोन्ही उत्तरे ऐकल्यावरच त्यांनी आईला कुशीवर वळवले, गुडघ्यांमध्ये उशी दिली आणि तळव्याने कुल्ल्यावर संथ, खोल दाब द्यायला सुरुवात केली. कंबरेतून निघणारी सायटिक नस, म्हणजे शरीरातील सर्वांत जाड नस, कुल्ल्यातल्या पिरिफॉर्मिस नावाच्या स्नायूच्या सहसा खालून पायात उतरते. त्यामुळे तो स्नायू आखडून नसेवर दाब आला, तर कळ थेट पोटरीपर्यंत जाऊ शकते.

आईला रात्री जरा बरे वाटले. मात्र मणक्यातील गादी सरकून नस दाबली गेली असेल, तर मालिशने ती गादी जागेवर जात नाही. भोवतालचे स्नायू सैलावून काही काळ आराम मिळतो, इतकेच. "मणका बसवून देतो" म्हणत कंबरेला हिसके देणाऱ्यांकडे लोक विश्वासाने जातात, याची मला खरोखर भीती वाटते. (आमच्याच नात्यात असे उत्साही सल्लागार आहेत.)

लघवीवरचा ताबा जाणे आणि बसायच्या जागी बधिरता येणे ही तातडीने रुग्णालय गाठण्याची लक्षणे आहेत. तुमच्या मालिशवाल्यांनी हे कधी विचारले आहे का?