ओव्हरटाइमचं पान

१० ऑगस्ट २०१९, शनिवार

पगार जमा झाल्याचा मेसेज ह्यांनी मला दाखवला आणि काही न बोलता आंघोळीला गेले. १४,९६०. गेल्या महिन्यात याच खात्यात २४,७०० आले होते.

कल्पना होतीच. जुलैच्या पहिल्या आठवड्यात कंपनीतली रात्रपाळी बंद झाली, पाठोपाठ दुसरी पाळी. आता फक्त जनरल. गाड्या खपत नाहीत म्हणून चाकणच्या मोठ्या कंपन्यांनी शेड्यूल, म्हणजे सुट्या भागांची मागणी, कमी केलं, आणि त्यांनी कमी केलं की भोसरीतल्या छोट्या शेडमधल्या मशिनी उभ्या राहतात. हे व्हीएमसी ऑपरेटर, कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं मशीन चालवतात. मशीन चाललं तर ओव्हरटाइम, आणि ओव्हरटाइमला दुप्पट दर. तीन वर्षं रोजचे बारा तास चालू होते. सगळं माहीत असूनही आकडा डोळ्यांनी पाहिला तेव्हा पोटात गोळा आलाच.

पगाराच्या चिठ्ठीत एकच ओळ बरी निघाली. ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, कपात जुलैपासून पावणेदोन टक्क्यांवरून पाऊण टक्क्यावर आलीय, त्यात दीडशेच्या आसपास वाचले. मी ती ओळ मोठ्यानं वाचून दाखवली. ह्यांनी नुसतं 'हं' केलं.

दूधवाल्यानं आज अर्धाच लिटर दिलं. कोल्हापूरकडचं दूध येत नाही म्हणाला. टीव्हीवर सांगली-कोल्हापूरची माणसं होड्यांतून पोरंबाळं काढताना दिसतायत. त्यांचं बघून आपलं दुःख बोलायचीही लाज वाटते. पण हिशेब करायला तर बसावंच लागतं.

रात्री मुलं झोपल्यावर वही काढली. घराचा हप्ता ८,५५०. सोसायटी ९००. किराणा ५,०००. मग दूध, भाजी, गॅस, लाइट, पेट्रोल, धाकट्याची व्हॅन, माझी भिशी, गावाला आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, २,०००. बेरीज २४,६०० च्या पुढे गेली. माझे फॉल-पिको आणि ब्लाउजचे साडेतीन हजार धरले तरी सहा हजारांची तूट. मोठी यंदा दहावीला, तिच्या क्लासचा दुसरा हप्ता यात धरलेलाच नाही.

आणि मग एक गोष्ट दिसली, तिनं झोप उडवली. वहीची मागची पानं उलटत २०१६ पर्यंत गेले. मोशीचं हे घर घेताना केलेला हिशेब तिथं माझ्याच अक्षरात आहे. 'पगार' लिहून पुढे २१,००० मांडलेत. खरा पगार तेव्हा अकरा हजार होता. बाकी सगळा ओव्हरटाइम. कर्जाचं काम करणारा एजंट म्हणाला होता, ओव्हरटाइमच्या स्लिपा जोडा, जास्त रक्कम बसेल. आम्ही खूश झालो. अकरा हजारांवर साडेआठ हजारांचा हप्ता कुणी घेतला असता का? आम्ही घेतला. 'पगार' या शब्दापुढे तीन वर्षं मी चुकीचा आकडा लिहीत आले. पगार कमी झालेलाच नाही. तो होता तेवढाच आहे, उलट थोडा वाढलाय. गेला तो ह्यांचा रोजचा जास्तीचा चार तासांचा घाम, आणि त्याच्यावर आम्ही भिंती बांधून बसलो होतो.

१८ ऑगस्ट, रविवार

पंधरा ऑगस्टला जोडून कंपनी बंद ठेवलीय, पुढच्या आठवड्यातही तीन दिवस बंद. बोर्डावर 'ब्लॉक क्लोजर' असं लिहिलंय म्हणे.

खालच्या मजल्यावरचे भाऊजी मोठ्या कंपनीत आहेत, युनियनचं बघतात. त्यांच्याकडेही बंद आहे, पण त्यांच्या चेहऱ्यावर आमच्याइतकी काळजी नव्हती. विचारलं तर म्हणाले, वहिनी, पन्नास किंवा जास्त कामगार असले की कायद्यानं ले-ऑफच्या, म्हणजे काम नाही म्हणून घरी बसवलेल्या, दिवसांचा बेसिक आणि महागाई भत्त्याचा निम्मा पैसा मिळतो. ह्यांच्या शेडमध्ये चौतीस जण. इतक्या वर्षांत तिथं किती माणसं काम करतात हे मी कधी मोजलं नव्हतं. त्याच गाडीचा भाग, तसंच मशीन, आणि बंद दिवसाचे त्यांना अर्धे तर आम्हाला शून्य. मला हे फार लागलं. अजूनही लागतंय.

ह्यांच्या सोबतचा एक जण नोकरी सोडायला निघालाय. महिनाभर बेकार राहिलं की पीएफचे पंच्याहत्तर टक्के काढता येतात, दोन महिन्यांनी उरलेले, असं त्यानं काढलंय. ह्यांच्याही मनात ते घोळत होतं. मी स्पष्ट नाही म्हटलं. पीएफ म्हणजे साठीनंतरचं जेवण. आणि चालू नोकरी आपल्या हातानं सोडून या दिवसांत दुसरी कुठं शोधायची?

राखीला दादा आला होता. ओवाळणीचं पाकीट नेहमीपेक्षा जाड लागलं हाताला. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. मागाहून कळलं, मोठीनंच मामाला फोन केला होता. आधी राग आला, मग रडू आलं. तिला समोर बसवलं, धाकट्यालाही बोलावलं आणि दोघांपुढे वही उघडून ठेवली. लपवून काय करायचं होतं? तिला सगळं दिसतच होतं, फक्त आकडा माहीत नव्हता, आणि नुसता अंदाज आकड्यापेक्षा वाईट असतो. ती म्हणाली, मी क्लास सोडते. ह्यांनी पहिल्यांदा आवाज चढवला, "क्लासचं नाव काढायचं नाही." धाकट्यानं व्हॅनवर बोट ठेवलं. त्याची शाळा सव्वा किलोमीटरवर आहे. उद्यापासून हे स्वतः सोडणार, दहाच्या आत कुठं जायचंच नाहीये.

झोपेचं मात्र काही जमत नाहीये. इतकी वर्षं बारा तासांच्या ड्युट्या केलेलं शरीर, रात्री दोनला उठून बसतं. मी डोळे मिटून पडून राहते. मला जाग आहे हे कळलं तर त्यांना अजून वाईट वाटेल.

६ सप्टेंबर, शुक्रवार

गौरी जेवल्या.

आमच्याकडे उभ्याच्या गौरी, पितळी मुखवट्यांच्या. हे घर घेतलं त्या वर्षी आत्यांनी स्वतःच्या हातानं करमाळ्याहून आणून दिल्या, आता सण तुझ्याकडे म्हणाल्या. सोळा भाज्या करायची रीत, पण सोळा भाज्यांचा एक-एक पाव घ्यायचं सोडून बाजारात शेवटी उरलेली मिसळ भाजी घेतली, त्यात अकरा प्रकार निघाले. पुरण अर्ध्या किलोचं. सवाष्ण एकच, शेजारची. आरासाला माझ्याच दोन पैठणी-काठाच्या साड्या. कुठंही उणं दिसलं नाही, आणि हे मी मनाची समजूत काढायला लिहीत नाहीये. पुरण खरंच चांगलं झालं होतं.

लग्नातल्या दोन पाटल्या दर वर्षी गौरींच्या हातात घालते. एक थोरलीला, एक धाकटीला. या वर्षी घालताना हात जरा रेंगाळला. मी ठरवलंय, हे अजून कुणाला बोलले नाही. मागच्याच आठवड्यात बँकेत जाता आलं असतं. पण गौरी आल्या असताना त्यांचे हात रिकामे ठेवायला मन तयार होईना. उद्या विसर्जन होऊ दे.

९ सप्टेंबर, सोमवार

परवा गौरी उतरवल्या, मुखवटे पुसून कपड्यात गुंडाळले, पाटल्या काढल्या. डब्यात न ठेवता पर्समध्ये ठेवल्या. ह्यांनी ते बघितलं. काही विचारलं नाही. आज सकाळी म्हणाले, "चल, मी पण येतो."

बँकेतल्या सराफानं दगडावर घासून कस बघितला, वजन केलं. सोनं सध्या तोळ्याला अडतीस हजारांच्या वर गेलंय. किमतीच्या पंच्याहत्तर टक्क्यांपर्यंत कर्ज देता येतं, म्हणजे आम्हाला पन्नास हजारांपर्यंत मिळत होते. साहेब म्हणाले, घ्या की पूर्ण. मी तीस सांगितले. घरी तीनदा मांडून आणलेला आकडा होता. या महिन्यात हातात नऊ हजार तीनशे येणार आहेत, बंद दिवस कापून. त्यातून हप्ता गेला की साडेसातशे उरतात. हप्ता चुकवायचा नाही, हे पहिलं. चुकला तर बँक दंड लावते, खात्यात शिल्लक नव्हती म्हणून वेगळा आकार लागतो, आणि पुढच्या महिन्यात दोन हप्ते एकदम उभे राहतात. बाकी सगळं मागेपुढे करता येतं. तीस हजारांत दिवाळीपर्यंत निघतं. पन्नास घेतले असते तर वीस हजार घरात नुसते पडून राहिले नसते, हे मला माझं माहीत आहे.

पावती ह्यांनी घडी करून स्वतःच्या पाकिटात ठेवली. जिन्यात म्हणाले, "मी सोडवतो." मी म्हटलं, "दोघं सोडवू."

२० सप्टेंबर, शुक्रवार

किराण्याचं एक शिकले. हात आखडला म्हणून आठवड्याचा किराणा आणायला लागले होते, अर्धा लिटर तेलाची पिशवी, पाव किलो डाळ. महिन्याअखेर मांडलं तर आधीपेक्षा महाग पडलं! थोडं-थोडं घेणाऱ्याकडून दुकान जास्त घेतं. मग मजल्यावरच्या आम्ही तिघींनी मिळून पंधरा किलोचा तेलाचा डबा आणला आणि मापानं वाटून घेतला. डब्याचा रिकामा पत्रा कुणी ठेवायचा यावर मात्र पाच मिनिटं चर्चा झाली.

भिशीतल्या बायकांना मी सरळ सांगितलं. ऑक्टोबरचा नंबर मला द्याल का? जिचा होता तिनं कारणही विचारलं नाही. बारा हजार येतील, त्यात क्लासचा हप्ता. सरांनीही तोवर थांबतो म्हटलंय.

आत्यांना मात्र आम्ही सांगितलं नव्हतं. या महिन्यात दोन हजारांऐवजी हजारच पाठवले आणि ह्यांनी फोनवर काहीतरी कारण सांगितलं. आज स्वारगेटला एसटीनं पोतं आलं. मालदांडी ज्वारी, वीस किलो तरी असेल. गेल्या वर्षी तिकडं पाऊस नव्हता, शेतात जेमतेम निघाली होती, त्यातली. वर एका फडक्यात हजार रुपये बांधलेले. आपणच पाठवलेले हजार. ह्यांनी ते फडकं हातात धरलं आणि बराच वेळ गॅलरीत उभे होते. मी फोन लावला तर आत्या एवढंच म्हणाल्या, "भाकरी खावा. पोळीपेक्षा दमदार असती." रात्री भाकऱ्या थापल्या. माझ्या आजकाल जाडच होतात, सवय गेलीय.

बंद दिवसांचं हे आता मोशीच्या बाजारातून भाजीचा टेम्पो चालवतात. पहाटे तीनला निघायचं, नऊला परत. पाचशे रुपये. नाहीतरी दोनला जाग येतच होती. काल व्यापाऱ्यानं निवडून काढलेला कांदा दिला, दोन किलो असेल. बाहेर साठ रुपयांवर गेलाय.

संध्याकाळी सगळ्या चॅनेलवर एकच बातमी. अर्थमंत्र्यांनी गोव्यातून जाहीर केलं, कंपन्यांचा कर तीस टक्क्यांवरून बावीसवर. शेअर बाजार उसळला म्हणून अँकर ओरडत होते. ऑगस्टमध्ये प्रवासी गाड्यांची विक्री एकतीस टक्क्यांहून जास्त घसरली होती, तेही खालून सरकत होतं. ह्यांनी जेवण थांबवून सगळं ऐकलं. "शेड्यूल वाढेल का?" एवढंच विचारलं. कुणाला विचारलं, मला समजलं नाही.

७ ऑक्टोबर, सोमवार

आज खंडेनवमी. कंपनीत मशीनपूजेला सगळ्यांना बोलावलं होतं, पाळी असो-नसो. हे सकाळीच धुतलेला शर्ट घालून गेले, झेंडूचा हार घरून नेला.

दुपारी आले ते वास घेऊनच. त्यांचं मशीन तीन आठवडे उभं होतं. मशीन उभं राहिलं की आतलं कूलंट, म्हणजे कापताना थंडाव्याला सोडतात ते पाणी, सडतं, कुजक्या अंड्यासारखा वास येतो. पूजेआधी ह्यांनी आणि हेल्परनं मिळून टाकी उपसली, चिप म्हणजे धातूचा कीस काढला, बेड पुसला, नवीन कूलंट भरलं. हे कुणी सांगितलं नव्हतं. मग गंधफूल वाहिलं. सांगताना त्यांचा आवाज कितीतरी दिवसांनी पहिल्यासारखा होता. मी त्यांना आंघोळीला जा म्हणायला विसरले, तसेच बसून ऐकत राहिले. कुठल्या टूलची धार गेलीय, कुठला फिक्श्चर कुणी भलत्याच कपाटात ठेवलाय, सगळं.

पेढ्याबरोबर मालकांनी सांगितलं, दसऱ्यानंतर दिवाळीपर्यंतचं शेड्यूल आलंय, बंद दिवस नाहीत. आणि रोज दोन तास जास्त. पुढचं पुढे.

हे म्हणाले, "बघ, हिशेब कर. किती होतात?"

केला. मग वही उलटी करून मागच्या बाजूनं नवं पान काढलं आणि वर 'ओव्हरटाइम' लिहिलं. त्याखाली 'पाटल्या ३०,०००', व्याजाला एक ओळ मोकळी सोडली. मोठीनं विचारलं, पुढच्याच पानावर का नाही लिहीत? तिला म्हटलं, पुढं पगार लिहायचा.

पुढच्या बाजूला ऑक्टोबरच्या पानावर १४,९६० लिहिले आणि खाली खर्च मांडायला घेतला. व्हॅन काढली, ती परत घातली नाही. गावाला दोन हजार परत घातले.