गॅलहर युद्धावर गेलाच कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, नाहीतर आमच्या घरी हा विषय बंद आहे, बायको हात जोडते. भारतातून कोणी ऑकलंडला आलं की मी त्यांना ईडन पार्कबाहेरच्या पुतळ्यापाशी नेतो. डेव्ह गॅलहर, 1905 च्या ऑल ब्लॅक्सचा, म्हणजे न्यूझीलंडच्या रग्बी टीमचा कॅप्टन. स्टोरी सांगून झाली की प्रत्येकाचा प्रश्न एकच, एवढं नाव कमावलेला, चाळिशी उलटलेला, बायको-मुलगी असलेला माणूस पहिल्या महायुद्धात लढाईवर गेला म्हणजे भावाचा सूड घ्यायलाच ना?

नाही हो. सूड पिक्चरमध्ये बरा वाटतो, पण तारखा बघा ना. याने सैन्यात नाव घातलं मे 1916 मध्ये, आणि भाऊ डग्लस फ्रान्समध्ये मारला गेला 3 जूनला. म्हणजे बातमी यायच्या आधीच हा भरती झालेला, आणि तेही कसली सक्ती नसताना. बरं, वर्दीही नवी नव्हती, 1901 मध्ये दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्धाला गेला तेव्हा जन्मसाल 1873 चं 1876 सांगून मोकळा झालेला. आपल्याकडे मास्तर सरसकट 1 जून लावून टाकायचे तसला प्रकार नव्हे हा, स्वतःच वय कमी केलं.

मला विचाराल तर माणूस कळतो तो रग्बीतूनच. आयर्लंडात जन्म, लहानपणी न्यूझीलंडला आलेला, आई गेल्यावर तेराव्या वर्षी शाळा सुटली, पुढे ऑकलंडला नोकरी आणि पॉन्सनबी क्लब. 1905 च्या ब्रिटनच्या टूरवर निघाल्यावर बोटीवरच टीममधले काहीजण त्याच्या कॅप्टनशिपवर कुरकुरायला लागले, तर हा म्हणाला सोडतो, मग मत घेतलं, 29 पैकी 17 त्याच्या बाजूने. एवढ्या जेमतेम भांडवलावर 35 मॅचेस, हरले फक्त एक, कार्डिफला वेल्सकडून 3-0, आणि त्यातसुद्धा आपल्या बॉब डीन्सचा ट्राय (समोरच्यांच्या रेषेपलीकडे बॉल टेकवणं) झाला होता की नव्हता यावर इथे अजून भांडणं होतात (माझं मत विचारू नका, झाला होता).

गॅलहरची जागा विंग-फॉरवर्ड. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्हीकडचे गडी एकमेकांत गुंतून ढकलाढकली करतात त्यात, बॉल टाकायचा आणि तिथेच थांबून मागून बॉल उचलणाऱ्या आपल्या हाफबॅकला आडोसा द्यायचा, म्हणजे समोरच्याच्या लाथा याच्या नडगीवर, म्हणून तो शिनपॅड बांधायचा. ब्रिटिश पेपरवाले त्याला चीटर म्हणायचे, पब्लिक हुर्यो उडवायची, पण गडी जागचा हलला नाही. असा माणूस बाकीची पोरं बोटीत चढत असताना घरी बसेल असं मला तरी वाटत नाही.

4 ऑक्टोबर 1917, बेल्जियम, पॅशनडेलची लढाई. सार्जंट होता. तोफगोळ्याचा तुकडा चेहऱ्याला लागला आणि त्याच दिवशी गेला, वय 43. पॉपरिंगेजवळ नाइन एल्म्स नावाच्या दफनभूमीत आहे, दगडावर कोरलेलं नेचाचं पान, टूरवर जर्सीवर होतं तेच.

आणि भावाचंच म्हणाल तर 1918 मध्ये तिसरा, हेन्री, तोही गेला.