चार गुणांचं अपील

आज लेकीचं अपील देऊन आले. प्रज्ञावंत मुलांच्या वर्गाला बुद्ध्यांक १३० लागतो, तिचा आला १२६. दोन ओळींचं नकाराचं पत्र, विषय संपला!

मी पूर्ण अहवाल मागवला आणि वाचत बसले. तिची झालेली वेक्सलर ही बुद्ध्यांक मोजणारी चाचणी. तिच्यात सरासरी १००, प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप) १५. म्हणजे १३० च्या वर जेमतेम दोन टक्के मुलं. मान्य. पण त्याच पानावर बारीक अक्षरांत छापलंय, ९५ टक्के खात्रीने खरा आकडा १२० ते १३१ च्या दरम्यान. चाचणीच सांगतेय की इकडंतिकडं होऊ शकतं, आणि हे चार गुणांवर दार लावणार.

शाब्दिक आकलन, तर्क दोन्ही उत्तम. घसरली ती वेगात. चिन्हं भराभर उतरवायची होती. आमच्या बाईसाहेब एकेक चिन्ह कोरून काढत बसल्या असणार. (घरी एक रेघ वाकडी गेली तरी पान फाडतात.) वेग आणि कार्यकारी स्मृती (माहिती तेवढ्यापुरती डोक्यात धरून वापरणं) वगळून 'सामान्य क्षमता निर्देशांक' काढता येतो. तोच ग्राह्य धरा, असं लिहिलंय. सोबत वर्गशिक्षिकेचं पत्र जोडलं.

समोरच्या मॅडम म्हणाल्या, "प्रत्येक आईला आपलं मूल हुशारच वाटतं हो."
म्हटलं, "म्हणूनच आकडे घेऊन आलेय."

निकाल पुढच्या महिन्यात. बाहेरच्या मानसशास्त्रज्ञांकडून वेगळी चाचणी कुणी करून घेतली आहे का? तीच लगेच पुन्हा नको, सरावानेच गुण वाढतात.