उलटी कमान

"मॅडम, हात वर होत नाहीये," मॉडेल म्हणून उभी राहिलेली पोरगी म्हणाली. जॅकेट तिच्या अंगात, दोन्ही खांद्यांवर एकेक घुमट आणि हात छातीच्या वर जायला तयार नाहीत. तिनं जोर लावला तसा डावा घुमट कानाला जाऊन टेकला. जिचं कलेक्शन होतं ती मात्र हसली नाही. दुसऱ्या दिवशी अकराला तिची ज्युरी, म्हणजे परीक्षकांसमोर कलेक्शन दाखवायची परीक्षा, होती.

छत्रपती संभाजीनगरात पैठण गेटजवळ माझं छोटं वर्कशॉप आहे. चार मशीन, एक कटिंगचं टेबल, वर पत्रा. मे महिन्यात सकाळी दहालाच तो पत्रा बोलायला लागतो. आठवड्यातून दोन दिवस मी एका डिझाइन कॉलेजात पॅटर्नमेकिंग शिकवते, म्हणून शेवटच्या वर्षाच्या पोरी अडल्या की माझ्याकडं येतात. खरं सांगायचं तर चाचांकडं येतात. चाचांची हयात कोट शिवण्यात गेली. माप घेताना ते टेप लावतात तो निव्वळ समोरच्याच्या समाधानासाठी.

ही कलेक्शनवाली पोरगी हिंगोलीची. विषय घेतला होता मुंबईच्या सीएसएमटीचा. मूड बोर्ड देखणा होता, त्याबद्दल वाद नाही. टोकदार कमानी, रंगीत काचा, मधला आठ फासळ्यांचा घुमट. माहितीही नीट गोळा केलेली: वास्तुरचनाकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स, काम सुरू १८७८ मध्ये, राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली त्या १८८७ साली नाव 'व्हिक्टोरिया टर्मिनस', २००४ मध्ये युनेस्कोच्या यादीत. खाली मोठ्या अक्षरांत 'ब्रिटिश नजाकत'. त्या नजाकतीतलं दगडी कोरीवकाम जे. जे. कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचं आहे, म्हणजे हिच्याच वयाच्या पोरांचं, हे तिला मी महिनाभरापूर्वीच सांगितलं होतं. तिनं ते खाली बारीक अक्षरांत टाकलं होतं.

घुमटासाठी तिनं प्लॅस्टिकच्या बोनिंगच्या, म्हणजे कापड ताठ ठेवणाऱ्या, आठ-आठ पट्ट्या वाकवल्या होत्या आणि वरून हिमरू चढवला होता. जॅकेटच्या घेराला सोळा कमानी, त्याही हिमरूच्या, कापून वरून लावलेल्या. आता हिमरू म्हणजे काय, ते आमच्या शहरात राहून कळायला हवं. ताणा सुती, बाणा रेशमी. नक्षीचा जो धागा पुढं दिसत नाही तो मागच्या बाजूनं मोकळा पळतो. पुढून कापड म्हणजे बाग आणि उलटं केलं की धाग्यांचं रान. सरळ कापलं, कड लगेच दुमडली तर निभतं. गोलाईत कात्री फिरवली की प्रत्येक वळणावर ते मोकळे धागे तुटतात आणि नक्षी पुढून उसवायला लागते. सोळापैकी अकरा कमानींच्या टोकांना मिशा फुटल्या होत्या. तिनं त्या फेविकॉलनं बसवायचा प्रयत्न केला होता, त्यामुळं टोकं कडक होऊन पिवळी पडली होती.

"मैं बोल्या था ना, हिमरू कू गोल काटो नको," चाचा म्हणाले आणि चष्मा कपाळावर चढवून पुन्हा काजं करायला बसले.

मी जॅकेट काढून घेतलं आणि कलेक्शनवालीला म्हटलं, "रिक्षात बसता येईल का हे घालून?"

"मॅडम, रॅम्पवर रिक्षा कशाला येईल?"

या उत्तरावर मला राग यायला हवा होता. पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि रात्रभर जागल्याचं दिसत होतं. घुमट उभा राहतो कारण त्याचं सगळं वजन भिंतींतून खाली पायात उतरतं. खांद्यावर ठेवलेल्या घुमटाला पाय कुठला? हाताची प्रत्येक हालचाल मुंढ्यातून त्याला ओढणार. हे मी वर्गात तीनदा तरी सांगितलं असेल. सांगून कळत नाही हेच खरं. मलाही चाचांनी कोटाची कॉलर चौदा वेळा उसवायला लावली तेव्हा कुठं कळली.

म्हटलं, चल. स्कूटीवर घातली आणि छावणीत नेली.

छावणीत ओळखीच्या एका कुटुंबाचा जुना बंगला आहे. आमच्याकडं राज्य निजामाचं, पण फौज इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची. हैदराबाद कंटिन्जंट तिचं नाव. आमच्या शहरात तिची छावणी होती, तशी जालन्यात, मोमिनाबादला म्हणजे आजच्या अंबाजोगाईत आणि हिंगोलीतही. पोरगी हिंगोलीची, आणि इंग्रजी बांधकाम बघायला गेली बोरीबंदरला! हे मी तिला वाटेतच ऐकवलं. ती मागं गप्प बसून होती.

बंगल्यात गेल्यावर पहिली गोष्ट म्हणजे उन्हाचा झटका उतरला. तिन्ही बाजूंनी रुंद व्हरांडा, त्यामुळं ऊन भिंतीला शिवतच नाही. दारांना आडव्या पट्ट्यांची लाकडी झिलमिली. मी तिला झिलमिलीसमोर उभं केलं आणि मधली उभी काठी खाली ओढली. सगळ्या पट्ट्या एकदम मिटल्या. वर ढकलली, उघडल्या. उजेड पट्ट्यापट्ट्यांनी फरशीवर आला. तिनं काठी हातात घेतली आणि पाच-सात वेळा खालीवर केली. मला वाटलं होतं इथवर काम होईल. पट्ट्या म्हणजे टक्स, कापडाच्या शिवलेल्या बारीक घड्या, एवढं तिला कळलं तरी बाही वाचेल.

पण घरच्या आजी म्हणाल्या, "मागची खोली बघितली का? अडगळ आहे, पण बघा."

त्या खोलीत वरती जुनं कापडी छत अजून शिल्लक आहे. कौलांतून माती, पाली, विंचू अंगावर पडू नयेत म्हणून जुन्या बंगल्यांत कौलांच्या खाली लाकडी पट्ट्यांना जाडंभरडं सुती कापड ताणून ठोकायचे आणि त्याला चुना मारायचे. खालून बघणाऱ्याला पक्कं छत वाटावं. मी ऐकून होते, पाहिलं पहिल्यांदाच. मी स्टुलावर चढले. एका कोपऱ्यात चुन्याचे पोपडे गेले होते आणि आतली शिवण उघडी पडली होती. पन्हा पन्ह्याला जोडलेला, दोन्ही कडा एकमेकींत दुमडून वरून दुहेरी टीप. आपण पायजम्याला मारतो तीच. टाका हाताचा होता आणि इतका सारखा की मी बोटानं मोजून बघितला. कुणीतरी जमिनीवर मांडी घालून ही अख्खी खोली शिवली होती. इमारतीच्या इतिहासात गवंड्यांचं नाव नसतं, मग शिंप्याचं कुठून असणार!

मी शिवणीत गुंतलेली असताना खालून पोरगी म्हणाली, "मॅडम, हे बघा."

तिनं छताचा फोटो काढला होता. वर्षानुवर्षांत कापड सैल होऊन दोन पट्ट्यांच्या मध्ये प्रत्येक ठिकाणी झोळीसारखं खाली आलं होतं. फोन तिच्या हातात उलटा झाला होता आणि स्क्रीनवर झोळ्यांच्या जागी कमानी दिसत होत्या. एकापुढं एक, दगडी दालनाच्या असाव्यात तशा.

माझा भाऊ सिव्हिल इंजिनिअर आहे. रॉबर्ट हूक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं १६७५ साली कमानीचं गुपित अक्षरांच्या कोड्यात घालून छापलं होतं, हे त्याच्याकडून जेवताना दोनदा तरी ऐकलेलं: साखळी टांगल्यावर जशी लोंबते तशीच उलटी केली की ताठ कमान उभी राहते. तेव्हा मी भात वाढत होते, लक्ष दिलं नाही. आता पर्समधून टेप काढली, दोन टोकं दोन हातांत धरली आणि मधला भाग सोडून दिला. पोरीनं टेपकडं पाहिलं, मग फोनकडं. "म्हणजे काउल?" ती म्हणाली.

काउल, म्हणजे कापडाची झोळीसारखी लोंबती घडी. कमान कापायची गरजच नव्हती. कापडाला दोन ठिकाणी धरून सोडलं की ते स्वतःच कमान करतं, फक्त उलटी.

दुपारी तीनला आम्ही परत वर्कशॉपवर. चाचांना तिनं फोनवरचा फोटो दाखवला, सरळ आणि उलटा. चाचा म्हणाले, "तो पैले बोलना था ना." मग मांजरपाट घेऊन बसले. हिमरूला फक्त सरळ काम ठेवलं: पुढचे दोन आणि मागचा एक भाग, सगळं उभ्या धाग्यात, आतून सुती अस्तर. घुमट गेले, सोळा कमानी गेल्या. पाठीवर साध्या राखाडी रेशमाचे तीन काउल, एकाखाली एक. ते उरेबच, म्हणजे तिरक्या धाग्यातच, कापावे लागतात. सरळ धाग्यात कापड लोंबत नाही, नुसतं मोडतं. बाहीवर झिलमिलीसाठी टक्स घेतले, एक सेंटिमीटरचा एक, म्हणजे प्रत्येकाला दोन सेंटिमीटर कापड जास्तीचं. एका बाहीत अठरा टक्स, छत्तीस सेंटिमीटर कापड त्यातच गेलं. खालच्या थराला तिच्याकडं उरलेला लाल हिमरू लावला.

साडेसहाला लाइट गेली. चाचांची पायाची मशीन, त्यामुळं त्यांना फरक पडला नाही. आम्ही दोघी मोबाइलच्या उजेडात कच्चे टाके घालत होतो.

खरी अडचण उरेबची. उरेब कापड रात्रभर टांगून ठेवावं लागतं, ते आपल्या वजनानं उतरतं आणि मगच खालची कड कापायची. आमच्याकडं रात्र एकच होती. चाचांनी तिन्ही काउलच्या खाली रुमालात बांधलेल्या भरल्या बॉबिनी लटकवल्या. सकाळी आठला येऊन बघितलं तर उजवी बाजू डावीपेक्षा दोन सेंटिमीटर खाली. चाचांनी खडूनं रेघ मारली, कात्री चालवली. मी बघितलं नाही, मी तोंड फिरवून चहा पीत होते.

ज्युरीला मी मागं उभी होते. दोन परीक्षक. एकांनी विचारलं, "यात सीएसएमटी कुठं आहे?"

पोरगी बराच वेळ गप्प. मला वाटलं, आता ती छावणी, हूक, जे. जे., सगळं सांगणार. ती मॉडेलला म्हणाली, "दोन्ही हात वर कर ना गं." हात वर गेले. कोपरांजवळ टक्स उघडले आणि आतला लाल हिमरू पट्ट्यापट्ट्यांनी दिसला. हात खाली आले, मिटले. दुसऱ्या बाई उठून जवळ आल्या, त्यांनी पाठीवरचा मधला काउल बोटानं उचलून सोडला, पुन्हा उचलून सोडला. "उरेब कोणी कापला?"

"आमच्या चाचांनी," ती म्हणाली. हे सांगायची गरज नव्हती. गुण तिच्या एकटीचे होते, त्यातला एखादा या उत्तरानं गेलाही असेल.

संकल्पनेला दहापैकी सहा पडले, बांधणीला नऊ. सहा कमीच आहेत असं माझं अजूनही मत आहे.

सीएसएमटीचे दोन घुमट ती न्यायला विसरली. एक मी कपाटावर टाकलाय. दुसरा चाचांनी खुंटीला अडकवलाय, नमाजाला जाताना त्यावरची टोपी उचलतात आणि आले की परत तिथंच ठेवतात.