लॅपटॉपची बॅटरी घरच्या घरी बदलताना

माझा लॅपटॉप लेनोवो कंपनीचा थिंकपॅड टी४८० आहे. २०१८ साली आलेल्या या मॉडेलला दोन बॅटऱ्या असतात: एक आत बसवलेली, २४ वॅट-अवरची (वॅट-अवर म्हणजे साठवलेल्या ऊर्जेचे माप), आणि दुसरी मागून खटके सरकवून काढता येणारी. बाहेरची बदलायला काहीच कष्ट नाहीत. प्रश्न येतो तो आतल्या बॅटरीचा. ती स्वतः बदलल्यावर माझे मत झाले आहे की या कामात स्क्रू ड्रायव्हरचा भाग सोपा असतो, कस लागतो तो बॅटरी विकत घेताना.

बॅटरी खरोखरच संपली आहे का, हे अंदाजाने ठरवू नये. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट’ ही आज्ञा (अर्थात इंग्रजी अक्षरांत) दिली की एक अहवाल तयार होतो आणि त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ (नवी असतानाची क्षमता) व ‘फुल चार्ज कपॅसिटी’ (आता पूर्ण चार्ज केल्यावर मिळणारी क्षमता) असे दोन आकडे मिळतात. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल, तर चार्जरला दोष देत बसण्यात अर्थ नाही. टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा तळाचे झाकण फुगून लॅपटॉप टेबलावर डुगडुगत असेल, तर मात्र अहवालाचीही वाट पाहू नये. बॅटरीच्या सेलमधील रसायनांचे विघटन होऊन आत वायू साठल्याची ती खूण असते. अशी बॅटरी चार्ज करणे ताबडतोब थांबवावे, आणि ती टेपने घट्ट चिकटवलेली असल्यास उचकटण्याच्या फंदात न पडता जाणकाराकडे द्यावी.

खरेदी करताना लॅपटॉपच्या मॉडेलच्या नावावर विसंबून चालत नाही, कारण एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या बॅटऱ्या बसवलेल्या आढळतात. म्हणून आधी झाकण उघडून (ते कसे, हे पुढे सांगितले आहे) जुन्या बॅटरीवरचा पार्ट नंबर आणि व्होल्टेज टिपून घ्यावे. लेबलवरच्या आकड्यांचा मेळही बसला पाहिजे. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर म्हणजे वॅट-अवर, त्यामुळे ११.४ व्होल्ट आणि २.१ अँपिअर-अवरच्या बॅटरीवर २४ च्या आसपासच आकडा असायला हवा. तेवढ्याच आकाराची बॅटरी कोणी दीडपट क्षमतेची म्हणून स्वस्तात देऊ लागला, तर ती घेऊ नये. भारतात विकल्या जाणाऱ्या अशा बॅटऱ्यांना आयएस १६०४६ या मानकानुसार बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी लागते. लेबलवरचा ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये तपासता येतो. पुण्यातली तापकीर गल्ली किंवा मुंबईतला लॅमिंग्टन रोड इथे प्रत्यक्ष जाऊन लेबल वाचून मगच पैसे देता येतात, ही सोय मला घरपोच मिळणाऱ्या खोक्यापेक्षा मोलाची वाटते.

आता उघडण्याविषयी. लॅपटॉप नुसता बंद केल्याने आतल्या बॅटरीचा प्रवाह तुटत नाही. थिंकपॅडमध्ये सुरू होताना एफ१ दाबून बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या मूळ सेटिंगमध्ये) जावे, चार्जर काढावा आणि ‘पॉवर’ विभागातील ‘डिसेबल बिल्ट-इन बॅटरी’ हा पर्याय निवडावा. मशीन आपोआप बंद होते आणि पुन्हा चार्जर लावेपर्यंत आतली बॅटरी निष्क्रिय राहते. मग बाहेरची बॅटरी काढून तळाचे स्क्रू सैल करावेत. टी४८० चे हे स्क्रू झाकणातच अडकून राहतात, हरवत नाहीत. इतर लॅपटॉपांत त्यांची लांबी वेगवेगळी असू शकते, म्हणून कागदावर तळाचे चित्र काढून त्या त्या जागी स्क्रू ठेवलेले बरे. झाकणाच्या खाचा सोडवायला प्लास्टिकचे जुने कार्ड पुरते. बॅटरीचा कनेक्टर मात्र तारा धरून कधीही ओढू नये. प्लास्टिकच्या भागाला धरून, दोन्ही बाजूंना आलटून पालटून किंचित रेटा दिला की तो सुटतो.

जुन्या बॅटरीच्या कनेक्टरवर चिकटपट्टी लावून ती ई-कचरा संकलनात द्यावी. ती ओल्या किंवा सुक्या कचऱ्यात टाकल्यास कचऱ्याच्या गाडीत दाबली जाऊन पेट घेऊ शकते.

नवी बॅटरी बसवल्यावर मी पहिल्याच दिवशी तोच अहवाल पुन्हा काढला. त्यात ‘सायकल काउंट’ही, म्हणजे बॅटरी आजवर किती वेळा पूर्ण वापरून चार्ज झाली तो आकडाही, दिसतो. नवी म्हणून विकलेल्या बॅटरीचा हा आकडा शेकड्यांत असेल, तर परतीची मुदत संपण्याआधी दुकानदाराला अहवाल दाखवून ती परत करावी.